कित्ता, म्हणजे वरच्यासारखंच

मेलेल्या बाईला पाच वर्षांनी मुलगा झाला, असं आमच्या घराबद्दल सरकारी दप्तरात लिहिलेलं आहे. तो मुलगा म्हणजे माझे वडील.

रेकॉर्ड रूममधल्या बाबूने दोन्ही नोंदी माझ्यासमोर ठेवल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "सर, तुमच्या आजीचा मामला काही जमून नाही राह्यला. इथं बाळंतरोगानं वारल्या. अन् इथं, पाच वर्षांनी, नवरा तोच, गाव तेच, बायको तीच, पुरुष जातीचं अपत्य. आता हे कसं?"

"दोन बायका होत्या," मी म्हणालो.

"नाव तर एकच आहे."

"दोघींचं एकच होतं."

त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "असं कोणी करते काय?"

करते. माझ्या आजोबांनी केलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. पहिली बायको बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी आजोबांनी दुसरी केली आणि तांदळात पुन्हा तेच नाव लिहिलं. का, असं विचारलं की घरात दोन उत्तरं मिळायची. एक, पहिलीवर त्यांचा फार जीव होता. दुसरं, भांड्यांवर नाव कोरून झालं होतं. आजोबांना मी ओळखत होतो, त्यामुळे मला भांड्यांचं कारण खरं वाटतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कोणाचंच लिहिणार नाही. या सगळ्या गोष्टीत घोळ आहे तो नावांचाच, त्यात माझी आणखी भर नको.

दुसरी ती माझी आजी. पहिलीची एकच मुलगी जगली, जिच्या जन्माच्या वेळी ती गेली ती. ती माझी आत्या. आम्हा मुलांना हे सगळं पित्रांच्या पंधरवड्यात कळलं. नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायांच्या नावाने घास टाकतात, तेव्हा आजोबा अंगणात पान ठेवून मोठ्याने नाव घ्यायचे, आणि त्याच नावाची माझी आजी आत चुलीपुढे वडे तळत बसलेली असायची. ती तिथून ओरडायची, "मी अजून जिती आहो, सांगा त्या कावळ्याले!" आम्ही हसून लोळायचो. दर वर्षी तोच विनोद, दर वर्षी तेवढंच हसू. आत्या माहेरी आलेली असली तर ती हसत नसे. हे मला त्या वयात दिसलं नाही.

आत्या उंच होती. नुसती उंच नाही, ताडमाड. आमच्या घरात सगळे बुटके, दाराच्या चौकटी त्याच मापाच्या, आणि तिच्यात ती बाई. लग्न जमायला त्यामुळे उशीर झाला, असं ती स्वतःच सांगायची. दिली ती ढाणकीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. "इतकी लांबची मुलगी, म्हणून लांबच देली," हा तिचा स्वतःवरचा विनोद.

ती सत्तरीच्या पुढे गेली, गुडघे गेले, नवरा गेला, तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, "बाबू, तू शिकेल सवरेल आहेस. माह्यं एक काम कर. माह्या मायचं नाव कागदातून काढून दे."

मी न कळल्याचं सोंग करून आमच्या घरातलं ते नाव घेतलं.

"ते नाही रे. ते त तुह्या आजीचंही होतं. ते सासरनं ठेवलेलं. ते तिचं असतं त दुसरीले देता आलं असतं का? माहेरचं काढ. जे घेऊन ते जन्माले आली ते."

मागणं एवढंच. एका म्हाताऱ्या बाईला मरायच्या आधी आपल्या आईला तिच्या नावाने हाक मारायची होती.

आणि ते नाव मी काढू शकलो असतो, कागदाशिवाय. हे पुढे सांगतो. सांगावं लागणारच आहे, त्यासाठीच लिहायला बसलोय. पण आधी मला दप्तरांवरचा राग काढू दे, कारण तो खरा आहे, आणि ती काही वर्षं मी त्या रागावरच काढली.

मी सुरुवात खानेसुमारीपासून केली. आमच्या वडिलांच्या तोंडी जनगणनेला हाच शब्द होता. मला वाटायचं, खानेसुमारी म्हणजे घरोघर जाऊन माणसं लिहिली. म्हणजे ते कागद कुठेतरी बांधून ठेवलेले असतील. म्हणजे माझ्या आत्याची आई लहान असताना, बापाच्या घरात, तिच्या स्वतःच्या नावाने तिथे बसलेली असेल. केवढं सोपं. जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या तरण्या बाबूला खानेसुमारी हा शब्दच माहीत नव्हता.

"जनगणना," मी म्हणालो. "जुनी. इंग्रजांच्या काळची."

"ती आहे ना." त्याने कपाटातून एक जाड पुस्तक काढून धूळ झटकली. गावाचं नाव, घरं, पुरुष, स्त्रिया. नुसते आकडे.

"हे नाही. घरोघरचे कागद. नावं."

"ते ठेवत नाही सर. बेरीज झाली की काम झालं. मग कागद रद्दीत." त्याने केळापूर तालुक्यातल्या त्या गावाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्यात तुमच्या आजी आहेत. शंभर टक्के आहेत. फक्त कोणत्या, ते विचारू नका."

त्याच्या बोलण्यात टवाळी नव्हती, उलट तो मला मदत करायलाच बघत होता. तरीही मी बाहेर येऊन चहावाल्याशी विनाकारण भांडलो.

गाव मला माहीत होतं, एवढं सुदैव. एका लग्नात आत्याला तिच्या आजोळकडचे एक लांबचे पाहुणे भेटले होते. त्यांनी सांगितलं, आजोळ केळापूर तालुक्यातलं अमुक गाव. पण आता तिथे कोणी नाही, घरदार विकून सगळे आदिलाबादकडे गेले. उरली एकच, मायची धाकटी बहीण. ती नेरजवळच्या एका खेड्यात दिलेली, म्हातारी झालीय, पण आहे. दोघी बहिणींची नावं त्या पाहुण्यांना ठाऊक नव्हती. बाईमाणसांची नावं कोण लक्षात ठेवतो.

मग कोतवाल बुकं. आमच्या भागात ज्याला जुना पुरावा हवा तो शेवटी कोतवाल बुकाशी येतो. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवाल ते वहीत लिहवून घ्यायचा आणि ठाण्यात नेऊन द्यायचा. वह्या आता तहसिलीत असतात. केळापूर तालुका असला तरी कचेरी पांढरकवड्याला. तिथे म्हणाले, जुने गठ्ठे यवतमाळला गेले. यवतमाळला म्हणाले, पांढरकवड्यालाच असतील, आमच्याकडे कशाला येतील? असा दोन उन्हाळे मी त्या रस्त्याने ये-जा केली. शेवटी गठ्ठा सापडला तो यवतमाळलाच, कळंब तालुक्याच्या फळीवर. कारण त्यावर कोणीतरी नुसतं 'के.' असं लिहिलं होतं, त्यातली मात्रा कसरीने खाल्ली, आणि दुसऱ्या कोणीतरी तो 'क.' समजून कळंबमध्ये ठेवून दिला. एका मात्रेपायी दोन वर्षं.

आणि त्या कचेऱ्यांना तरी काय बोलायचं? ती वर्षं कशी होती हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कापूस उभ्या उभ्या करपत होता, पिकला तर भाव नव्हता, आणि मुंबई-दिल्लीहून पाहणीला माणसं येत होती. प्रत्येक कचेरीत याद्या चालू. गावागावाच्या, घराघराच्या. एकदा मी तिसऱ्यांदा अर्ज घेऊन उभा राहिलो तेव्हा टेबलामागचे गृहस्थ हातातलं पेन खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, इथं जित्या माणसाईच्या याद्या पुऱ्या नाही होऊन राह्यल्या, अन् तुम्ही मेलेल्याईच्या घेऊन आले?"

मी अर्ज उचलून परत आलो. पण चौथ्यांदा गेलोच.

वही मोडीत होती. यवतमाळात मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याकडे नकला घेऊन गेलो. भिंग लावून ते एकेक ओळ वाचत आणि प्रत्येक ओळीनंतर तपकीर ओढत.

"हा बाप असू शकतो तुमच्या आत्याचा आजोबा?"

"असू शकतो."

"ह्याला झालेलं अपत्य, मुलगी. नाव..." ते थांबले. "नावाच्या जागी 'मुलगी' एवढंच आहे. बरोबर आहे. कोतवाल आठवड्यात जाऊन लिहवून यायचा, बारसं बाराव्याला. तोपर्यंत नाव कुठलं?"

"खाली बघा. पुढची असेल."

"खाली कित्ता."

"म्हणजे?"

"वरच्यासारखंच. आता तुम्ही मास्तर लोक टिंबं मारता ना एकाखाली एक, तसं. तेव्हा कित्ता लिहीत. हा बघा, कित्ता. कित्ता. कित्ता. अख्खं पान मुलींचं कित्त्यावर काढलंय पठ्ठ्याने."

"पण यात आमची कोणती? नाव काढायला काही तरी..."

ते चिडले. "अहो, मी मोडी वाचतो. बारसं करत नाही."

मला तेव्हा जे झालं ते सांगतो. मला त्या लिहिणाऱ्याचा भयंकर संताप आला. कोण होता तो? पाटीलवाड्याच्या ओसरीवर बसून पान खात त्याने ते पान भरलं असेल. घर दहा पावलांवर असेल. उठून गेला असता, बारशानंतर एकदा विचारलं असतं, "काय नाव ठेवलं?" तर दोन अक्षरं लिहायला किती शाई लागली असती? मी हे सगळं मोठ्याने बोललो. बराच वेळ बोललो. म्हातारे गृहस्थ भिंग पुसत ऐकत होते. मग त्यांनी सहज विचारलं, अगदी सहज, "तुम्हालाही ड्युटी लागलीच असेल की जनगणनेची. तुम्ही गेले होते घराघरात?"

"तर!" मी म्हणालो.

नकला गुंडाळून बाहेर आलो. घरी पोचेपर्यंत तो 'तर' माझ्या जिभेवरून उतरला नाही.

आता सांगतो.

शतक बदललं तेव्हाच्या जनगणनेत मी नेरच्या बाजूच्या एका शाळेवर होतो आणि मला जे खेडं मिळालं ते तेच होतं. आत्याच्या मावशीचं. हा काही मी मागून घेतलेला योग नव्हता. कागद हातात आला तेव्हा मीच चकित झालो आणि उत्साहाने आत्याला फोन केला. शेजारच्यांकडे फोन होता. ती आली, धापा टाकत, आणि म्हणाली, "देवानंच धाडलं तुले. शेवटची गल्ली, नाल्याच्या अंगानं. म्हातारीले एवढंच विचार, माह्या मायचं माहेरचं नाव काय. दुसरं काही नोको विचारू. अन् मी येईन म्हणा, गुडघ्याचं जरा पाहून."

तिथे स्वतः का गेली नाही, असं मी पुढे अनेकदा मनात तिच्यावरच ढकलून पाहिलं. ढाणकीहून नेर, तीन बसा, आणि तिचे ते पाय. शिवाय साठ-सत्तर वर्षांत ज्या माणसांनी विचारलं नाही त्यांच्या दारात आगंतुक कसं जायचं, हा मान. तिच्या जागी मीही गेलो नसतो.

मी गाव केलं. गल्ल्या केल्या. शेवटची गल्ली राहिली, चौदा घरांची. दिवस फेब्रुवारीचे. निम्म्या घरांना कुलपं, बाया शेवटच्या वेचणीला गेलेल्या, माणसं कापूस खरेदी केंद्रावर बैलबंड्या लावून तिथेच मुक्कामाला. जी घरी होती ती पाहणीवाल्यांना विटलेली. आदल्याच दिवशी एकजण मला म्हणाला होता, "पुन्हा लिहाले आले का? मागच्या महिन्यात एकानं लिहून नेलं, त्याच्या मागच्या महिन्यात दुसऱ्यानं. आमच्या घरात माणसं वाढून राह्यले का दर महिन्याले?"

हे सगळं खरं आहे. आणि हे कारण नाही. कारण एवढंच की मला कंटाळा आला होता आणि चारची बस होती. मी बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर बसलो, रेशनची यादी मागवली, गावातल्याच एका कारभाऱ्याला समोर बसवलं आणि चौदा घरं तासाभरात उरकली. तो नावं सांगत गेला, मी लिहीत गेलो. वय अंदाजे. शिक्षण, भाषा, धर्म, वरपासून खालपर्यंत दोन-दोन टिंबं. मावशीचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं, तिला न बघता. लिहिताना हात थांबला, हे खरं. घड्याळात पावणेचार झाले होते. म्हटलं, उद्या येऊ. उद्या गेलो नाही. परवा कागद जमा केले.

होळीला ढाणकीला गेलो तेव्हा आत्या दारातच उभी. "भेटली?"

"भेटली," मी म्हणालो. एका क्षणात म्हणालो, जणू पाठ होतं. "पण आता काही उपयोग नाही आत्या. कान गेलेत, काही आठवत नाही. ओळखत नाही कोणाला."

ती खाली बसली. मग म्हणाली, "दिसाले कशी आहे?"

खोटं बोलणारा माणूस तिथे थांबला असता तर निदान एका खोट्यावर भागलं असतं. मी थांबलो नाही. तिला काही तरी द्यावं असं मला वाटलं. म्हणालो, "गोरी आहे. ठेंगणी. लुगडं नेसते."

"ठेंगणी?" आत्या म्हणाली. "मंग मायही ठेंगणीच असन." आणि स्वतःच्या लांबलचक हातांकडे बघून, "मंग मी कोणावर गेली वं माय?"

पुढच्या वर्षी मावशी वारल्याचं मला नेरच्या बाजारात कळलं. आत्याला सांगितलं. तिने अंघोळ केली. त्यानंतर काही दिवसांनीच तिने मला बोलावून ते म्हटलं, शिकेल सवरेल आहेस, कागदातून काढून दे. आणि मी, ज्याने जिवंत तोंड दहा पावलांवरून सोडून दिलं होतं, वाळवीच्या तोंडातून नाव काढायला निघालो. मला वाटलं, सापडलं तर सांगायची वेळच येणार नाही. माझा सगळा उत्साह, सगळे अर्ज, सगळी भांडणं, यांचा उगम हा आहे.

मोडीवाल्यांच्या घरून आलो त्या आठवड्यात मी त्या खेड्याला गेलो. आठ वर्षांनी, शेवटच्या गल्लीत. नाल्याच्या अंगाचं घर कोणीही दाखवलं. ओट्यावर पन्नाशीची एक बाई तूर पाखडत बसली होती. मावशीची सून.

मी नातं सांगितलं. तिने सूप थांबवून हिशोब लावला. "म्हणजे माह्या सासूच्या बहिणीच्या सवतीचे नातू तुम्ही."

"हो."

"एवढं बारीक नातं घेऊन एवढे लांब आले?" ती हसली आणि पाणी आणून दिलं. "बसा. बुढीले जाऊन सात वर्षं झाले."

मी विचारलं, सासूबाई कधी आपल्या मोठ्या बहिणीबद्दल बोलायच्या का. बाळंतपणात गेलेल्या.

"बोले म्हणजे? त्याईच्याच गोष्टी. जनगणनेच्या वक्ती त गंमतच झालती." सूप पुन्हा चालू झालं. "गावात लिहिणारे आले हे ऐकलं अन् म्हातारी ओट्यावर येऊन बसली. वावरात येईना, जेवाले उठेना. म्हणे, बाईचं नाव लिहून द्याचं आहे. मी म्हणो, मेलेल्याचं नाही लिहत वं माय. ते म्हणे, तिचं कोणंच कोठी लिहलं नाही, लिहून त पाह्यतो. दोन दिवस बसली. कोणीच नाही आलं. आता मास्तर लोकं पानठेल्यावर बसून लिहतात म्हणे सगळं." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"मास्तर आहे."

"असं होय," ती म्हणाली आणि तुरीतला एक खडा वेचून नाल्याकडे फेकला.

"त्या बहिणीचं नाव काय होतं?"

"बाई."

"नाही, नाव."

"बाईच म्हणे बुढी. मोठ्या बहिणीचं नाव कोण घेते? आम्हीही आमच्या मोठीले बाईच म्हणतो." ती थोडी आठवत राहिली. "त्या वक्ती लिहून देणार होती ते खरं नाव. मले कधी सांगतलं नाही. मी कायले विचारू?"

मी उठलो. उठता उठता, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, "दिसायला कशा होत्या सासूबाई?"

"उंच," ती म्हणाली. "लय उंच. ह्या दारातून वाकून येजा करे. आठवारी लुगडं पुरे नाही तिले. अन् म्हणे, मी काहीच नाही, बाई माह्यापेक्षा उंच होती. आमच्या बापाचं सगळं झाडच उंच."

तिथून मी घरी आलो नाही. नेरहून यवतमाळ, यवतमाळहून उमरखेड, मुक्काम, सकाळी ढाणकी. दुपारी जेवणं झाली. आत्या खाटेवर बसून वाती वळत होती.

"आत्या, मी तेव्हा गेलोच नव्हतो."

"कोठी?"

"मावशीच्या घरी. जनगणनेच्या वेळी."

तिने वात पुरी केली. "तू त म्हणत होता, भेटली."

"खोटं बोललो."

"कान गेले म्हणे तिचे."

"तेही खोटं. चांगली होती. ओट्यावर बसून वाट पाहत होती. तिला नाव लिहून द्यायचं होतं." मग सगळंच सांगितलं. पानठेला, चारची बस, टिंबं, सगळं. ती वाती वळत राहिली. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "अन् ठेंगणी?"

"ते मी बनवून सांगितलं."

वातींचं तबक तिने बाजूला सरकवलं. मला वाटलं आता रडेल. ती चिडली. असा राग मी तिचा आधी कधी पाहिला नव्हता.

"आठ वर्षं मले ठेंगणी माय देली तू. रोज डोळ्यापुढे आणो त ठेंगणी आणो. स्वप्नात आली त ठेंगणी आली, मी ओळखलंच नाही तिले! तुह्या आजोबानं माह्या मायचं नाव काढून सवतीले घातलं, अन् तू तिचं आंगही काढून घेतलं. अन् वरून हे कागद! पांढरकवडा काय, यवतमाळ काय, मोडी काय! मी सगळ्याईले सांगून राह्यली, माहा भाचा माह्यासाठी दप्तरं पालथे घालून राह्यला. एक वाक्य बोलाचं होतं तुले. एक! त्याच्यासाठी आठ वर्षं बसनं हिंडला? बह्याड आहेस का तू?"

मी मान खाली घातली होती. माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला माफ करावं लागलं असतं, आणि तेवढं आणखी एक काम तिच्या गळ्यात घालायची माझी छाती नव्हती.

तिची सून चहा ठेवून गेली. चहा निवला.

"किती उंच?" आत्या म्हणाली.

"काय?"

"किती उंच म्हणे माय?"

"मावशी दारातून वाकून यायची. आणि तुमची आई तिच्यापेक्षा उंच."

"पुन्हा सांग."

सांगितलं.

खाटेला धरून ती उठली. गुडघे दाबत दारापर्यंत गेली. चौकट तिच्या कपाळाशी येत होती. त्या घरात आली तेव्हापासून ती तिथे वाकत होती. तिने हात वर करून चौकटीच्या वर, भिंतीवर, चार बोटं टेकवली आणि तशीच उभी राहिली. मग न वळता म्हणाली, "चहा दुसरा सांग. हा गेला."

त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी वागली असं म्हणवत नाही. बोलायची, जेवू घालायची, पण मी काही सांगितलं की विचारायची, "पाहून आला की पानठेल्यावरचं आहे?" चारचौघांतही विचारायची. मी उत्तर द्यायचो. पाहून आलो.

दोन वर्षांनी ती गेली. तिचा मुलगा बाकीच्या धावपळीत होता म्हणून मृत्यूची नोंद करायला मी गेलो. फॉर्ममध्ये मयताचं नाव, नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, आणि एक चौकट आईच्या नावाची. कॉम्प्युटरवरचा माणूस म्हणाला, "आईचं?"

घरातलं ते एकच नाव माझ्या तोंडाशी आलं. ते लिहिलं असतं तर दप्तरात माझी आजीच तिची आई झाली असती, आणि पुढे कोणी शोधायला आलं असतं तर पुन्हा तोच घोळ.

"माहीत नाही असं टाकू का?" तो म्हणाला. "बरेच जण टाकतात."

"नाही. 'बाई' लिहा."

"बाई? हे काय नाव झालं सर? बाया तर सगळ्याच असतात."

"ही मोठी बहीण होती," मी म्हणालो. "लिहा."

माझ्या मागे रांग होती. त्याने खांदे उडवले आणि लिहिलं. दोनच अक्षरं. मी पलीकडे जाऊन पडद्यावर स्वतः पाहून आलो.